साडेसतरा ते एकवीस

भरतीला निघालेल्या मुलाची फाईल जाड असते. दहावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, पोलीस पाटलाने दिलेला वर्तणुकीचा दाखला, सरपंचाच्या सही-शिक्क्याचे अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र, स्टँपपेपरवरचे प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्ट आकाराचे वीस फोटो. हे सगळे जमवताना सेतू केंद्र, तहसील कचेरी, ग्रामपंचायत आणि झेरॉक्सचे दुकान असे हेलपाटे पडतात. मुलाची अठरा वर्षे पूर्ण नसतील तर आईवडिलांची संमतीची सहीही लागते. सही करताना आई विचारते, "सगळं नीट वाचलंस ना रे?" मुलगा मान डोलावतो. वाचलेले असते ते बहुधा वय, उंची, छाती आणि अर्जाची शेवटची तारीख.

बारावीनंतर काय, या प्रश्नाला सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, बीड, बुलढाणा या पट्ट्यात एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: भरती. चंदगड-गडहिंग्लजपासून बेळगाव-खानापूरपर्यंतच्या मराठी मुलखातही तेच. उत्तर जुने आहे, नोकरी मात्र आता नवी आहे. आजोबा आणि वडील ज्या अटींवर पलटणीत गेले, त्या अटी १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा बदलल्या. सतरा वर्षांच्या नोकरीच्या जागी चार वर्षे आली, पेन्शनच्या जागी एकरकमी सेवा निधी आला. घरातल्या मोठ्यांचा अनुभव मुलाच्या पाठीशी उभा आहे खरा, पण तो आधीच्या नोकरीचा आहे. म्हणून आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने पायदळात जायचे की नाही, हे ठरवताना घरातल्या सगळ्यांनीच नव्याने बसून हिशेब मांडायला हवा.

पलटणीचा वारसा

हा वारसा वरवरचा नाही. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांची आठवण सांगणारा स्तंभ गावात आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावापुढे तर 'सैनिक' हा शब्द कायमचा लागला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात जी सहावी पुणे डिव्हिजन अडकली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. उपासमारीनंतर शरणागती आली आणि कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी जण परतलेच नाहीत. देशावर आणि कोकणात ज्या घरांत त्या वर्षांनंतर पत्र आले नाही, त्या घरांतल्या पुढच्या पिढीनेही पलटणच धरली.

धरण्याची कारणे साधी होती. माण-खटावसारख्या दुष्काळी भागात जमीन होती, पाणी नव्हते. मुंबईची गिरणी आणि बेळगावचे मराठा सेंटर असे दोन रस्ते गावाबाहेर जात. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ ची, लाइट इन्फंट्रीत देशात सर्वांत जुनी. बेळगावात रेजिमेंटचे सेंटर १९२२ पासून आहे. ४ फेब्रुवारी हा तिचा मराठा दिन, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्याच्या स्मरणाचा. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही तिची युद्धघोषणा ज्याच्या घरात ऐकू आलेली आहे, त्या मुलाला पायदळ परके वाटत नाही.

दलित कुटुंबांसाठी तर पलटण ही पोटापलीकडची गोष्ट होती. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त हवालदाराने त्या बंदीविरुद्ध निवेदन लिहिले. भरती बंद होणे म्हणजे पगार, पेन्शन आणि छावणीतली शाळा एकदमच बंद होणे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार आणि लष्करी शाळेतले मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ महार पलटण चारच वर्षांत मोडली गेली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आता तिचे सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात सर्व समाजांचे जवान असतात. अंगावरच्या वर्दीने गावातले आपले स्थान बदलते, हा अनुभव या घरांनी प्रत्यक्ष घेतला आहे. आजही भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या कित्येक मुलांच्या मनात पगाराइतकेच वजन त्या अनुभवाला आहे.

सोळाशे आणि बीम

भरतीची तयारी करणारी मुले १,६०० मीटरच्या धावण्याला नुसते 'सोळाशे' म्हणतात आणि पुल-अपला 'बीम'. सोळाशे साडेपाच मिनिटांत काढले तर पैकीच्या पैकी ६० गुण. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या, प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. बीमच्या दहा काढल्या की ४० गुण, सहा काढल्या तर १६. त्यानंतर नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करायचा आणि नागमोडी लाकडी पट्टीवरून तोल सांभाळत चालायचे. या दोन्हींना गुण नाहीत, पण जमले नाही तर बाहेर. महाराष्ट्रातल्या मुलाला उंची १६८ सेंटिमीटर हवी, छाती ७७ आणि फुगवून पाच जास्त.

ही कसरत तालुक्यागणिक निघालेल्या भरती अकॅडम्यांत चालते. पहाटे अंधारात धावणे, मग दंड-बैठका, आंघोळ, भिजवलेले हरभरे, गणित-बुद्धिमत्तेचा तास, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने ट्रंका आणि गाद्या. काही अकॅडम्या निवृत्त सुभेदार-हवालदार चालवतात आणि मुलांना घडवतात. काही ठिकाणी मात्र भिंतभर निवड झालेल्यांचे फोटो असतात आणि न झालेल्यांची नोंद कुठेच नसते. फी भरण्याआधी पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे: मागच्या तुकडीत किती मुले होती, त्यांतली किती लागली आणि राहिलेली आज काय करतात?

२०२३ पासून क्रम उलटा झाला आहे. पूर्वी आधी मैदानी, मग मेडिकल आणि शेवटी लेखी असे. आता संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा आधी होते आणि तीत निवडलेल्यांनाच मेळाव्याला बोलावतात. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे पायदळाकडे नेणाऱ्या मुख्य दारासाठी, ५० प्रश्न आणि १०० गुण असतात: सामान्य ज्ञान, सामान्य विज्ञान, गणित, तर्क. पात्रता दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. परीक्षा आता मराठीतूनही देता येते. नुसते पाय चालवून भरती होण्याचे दिवस संपले. अकॅडमीतल्या वेळापत्रकात गणिताचा तास संध्याकाळच्या धावण्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

मैदान आणि लेखी दोन्ही पार करूनही मोठी गळती होते ती मेडिकलला. सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे, रंगांधळेपणा, पायाच्या फुगलेल्या शिरा, दातांचे पुरेसे गुण नसणे. कानात मळ साठला एवढ्यावरूनही मुलगा तात्पुरता अनफिट ठरतो. आणि टॅटू. नियम असा की कायमचे गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालते; आदिवासी समाजांच्या रूढीतल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. जत्रेत हौसेने दंडावर महाराजांची मुद्रा किंवा छातीवर आईचे नाव कोरून घेतलेला मुलगा त्या गोंदणामुळे परत फिरतो. दोन वर्षे ग्राउंड मारल्यावर ही गोष्ट कळण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात जाऊन डोळे, कान, दात, गुडघे आणि तळवे तपासून घेणे शहाणपणाचे. खर्च फारसा नाही आणि वाचतात ती दोन वर्षे.

दलालांपासूनही सांभाळायला हवे. "वर ओळख आहे, पैसे भरा, काम होऊन जाईल" म्हणणारा माणूस भरतीच्या गावांत आजही फिरतो. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी होणारी जनरल ड्युटीची लेखी परीक्षा पेपर फुटल्यामुळे देशभर रद्द करावी लागली होती आणि त्या प्रकरणात पुण्यात अटका झाल्या होत्या. प्रामाणिकपणे अभ्यास करून बसलेल्या मुलांची महिन्यांची तयारी तेव्हा एका रात्रीत अडकून पडली. त्यात करोनाच्या दोन वर्षांत भरती जवळपास ठप्पच होती. काही ठिकाणी मैदानी आणि मेडिकल पार केलेली मुले लेखीची वाट पाहत राहिली आणि अग्निपथ आल्यावर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करायला सांगण्यात आले. त्या वर्षापुरती वयोमर्यादा तेवीसपर्यंत वाढवली, तरी काहींचे वय निघून गेलेच.

पायदळ म्हणजे काय

जनरल ड्युटीत निवड झाली म्हणजे पायदळच मिळाले असे नाही. जागांनुसार कोणी तोफखान्यात जातो, कोणी इंजिनिअर्समध्ये. पण सैन्यात सर्वांत मोठा हिस्सा पायदळाचा असल्याने जनरल ड्युटीचा अर्ज भरणाऱ्याने मन पायदळासाठी तयार ठेवावे.

सेंटरमध्ये सुमारे सहा महिने प्रशिक्षण. पहाटेची पीटी, ड्रिल, फायरिंग, अडथळ्यांचा मार्ग, पाठीवर पिठ्ठू घेऊन लांब पल्ल्याच्या चाली. चुकले की रगडा. बुटांत पायाला फोड येतात, ते फुटतात, त्यावरच दुसऱ्या दिवशी धावावे लागते. पायदळात पायांची आणि मोज्यांची काळजी रायफलइतकीच घेतात. मग राष्ट्रध्वजाच्या साक्षीने कसम परेड. त्या दिवशी बेळगावच्या मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईवडिलांना आपला मुलगा शंभरांच्या रांगेत ओळखू येत नाही, इतका तो बदललेला असतो.

नंतर पलटण. काही वर्षे पीस स्टेशन, काही वर्षे फील्ड, असे चक्र असते. फील्ड म्हणजे नियंत्रण रेषेवरची चौकी, काश्मीरमधली राष्ट्रीय रायफल्सची तुकडी, ईशान्येतले जंगल किंवा लडाख-सियाचीनची उंची. पहाटे रस्ता उघडणारी पार्टी निघते: ताफा जाण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजू, मोऱ्या, पूल, झुडपे पायी तपासायची. थंडीत, बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट घालून, दिवसभर उभे राहायचे. रात्री संत्रीची ड्युटी. यात चकमकीचे क्षण थोडे आणि वाट पाहण्याचे तास फार. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रीलमध्ये ते तास दिसत नाहीत. ज्याला एकटेपणा, पुनरावृत्ती आणि हुकूम पाळणे सोसत नाही, त्याला पायदळ जड जाते, मग सोळाशे कितीही वेगात काढलेले असोत.

त्याच जगण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी निवृत्त जवान कुठल्याही पारावर बसून सांगतात. सेक्शनमधल्या दहा जणांवर असलेला विश्वास. बिहारचा, केरळचा, पंजाबचा मुलगा एका लंगरात जेवतो आणि एका बंकरमध्ये झोपतो. गावात जन्माने ठरलेली माणसांची उतरंड तिथे हुद्द्यापुढे टिकत नाही. कित्येकांच्या आयुष्याला शिस्त आणि आत्मविश्वास इथेच मिळाला.

आणि धोका खरा आहे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, आपल्या सेक्शनमधले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणे घेतले आणि तिथेच शत्रूच्या गोळीने पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा त्यांचे वय होते बावीस. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना कामी आले. पुढे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा, अग्निपथमधून भरती झालेला अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. घरात निर्णयाची चर्चा होते तेव्हा ही शक्यता कोणी उच्चारत नाही. अशुभ नको, म्हणून विषय टाळला जातो. पण ज्याच्यासाठी सही करायची ती नोकरी ही आहे, आणि तिच्याविषयी मुलाशी एकदा तरी स्पष्ट बोलणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे.

चार वर्षांचा हिशेब

आता आकडे. अग्निवीराचे पहिल्या वर्षीचे मासिक वेतन ३०,००० रुपये. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, हातात २१,००० येतात. दुसऱ्या वर्षी हातात २३,१००, तिसऱ्या वर्षी २५,५५०, चौथ्या वर्षी २८,०००. फील्डमध्ये असताना जोखमीचे भत्ते वेगळे. राहणे-जेवणे सरकारी. चार वर्षांत हातात आलेली रक्कम भत्ते सोडून ११ लाख ७१ हजार ८०० रुपये होते. कापली गेलेली रक्कम ५ लाख २ हजार, तेवढीच सरकार घालते, आणि व्याज धरून बाहेर पडताना सुमारे ११ लाख ७१ हजार करमुक्त मिळतात. म्हणजे चार वर्षांची एकूण कमाई साधारण साडेतेवीस लाख.

अठराव्या वर्षी गावातल्या मुलाला एवढी रक्कम दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही, हे मान्य करायला हवे. एमआयडीसीत कंत्राटी कामावर बारा तास राबून खोलीभाडे आणि मेसचे पैसे देणारा मुलगा महिन्याकाठी काय मागे टाकतो, हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे त्या दर्जाबरोबर येणारी कँटीन आणि आजीव वैद्यकीय सोय नाही, माजी सैनिकांसाठी असलेल्या राखीव जागांवर हक्क नाही. वर्षाला रजा ३० दिवस. नियमित जवानाला वार्षिक ६० आणि किरकोळ ३० मिळतात. सेवाकाळात लग्न करता येत नाही. मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा, कर्तव्यावर असताना आल्यास आणखी ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, शिवाय उरलेल्या काळाचे वेतन आणि सेवा निधी. अक्षय गवतेच्या मृत्यूनंतर लष्करानेच हा तपशील जाहीर केला होता. रक्कम मोठी आहे, पण नियमित जवानाच्या कुटुंबाला जन्मभर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन त्यात नाही. मे २०२५ मध्ये नियंत्रण रेषेवर मारला गेलेला अग्निवीर मुरली नाईक मूळचा आंध्र प्रदेशातला, त्याचे कुटुंब मुंबईत घाटकोपरला राहत होते. शत्रूची गोळी अग्निवीर आणि नियमित जवान असा भेद करत नसेल, तर मागे राहिलेल्या आईवडिलांमध्ये तो का, हा प्रश्न त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात नेला.

कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख. बावीस वर्षांच्या मुलाला पुढची पन्नास वर्षे काढायची आहेत, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा.

योजनेमागचा विचारही समजून घ्यायला हवा. पायदळाचे काम तरुण शरीराचे आहे. सोळा हजार फुटांवर ओझे घेऊन चढणारा जवान पस्तिशीचा असण्यापेक्षा पंचविशीचा असावा, हे कोणताही पलटणीचा अधिकारी सांगेल. कारगिल युद्धानंतर नेमलेल्या पुनरावलोकन समितीनेच सतरा वर्षांची सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी आणि नंतर या जवानांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावे, असे सुचवले होते. सैन्याचे सरासरी वय बत्तीसवरून सव्वीसवर आणायचे, हे अग्निपथचे जाहीर उद्दिष्ट आहे. वाढत्या पेन्शनचा भार हेही कारण उघड आहे. पण समितीच्या शिफारशीत वर्षे सात ते दहा होती आणि पुढच्या नोकरीची जोड होती. अग्निपथमध्ये वर्षे चार झाली आणि पुढच्या नोकरीची हमी चारांतल्या एकालाच राहिली: २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात, किमान आणखी पंधरा वर्षांसाठी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये सुरुवातीला १० टक्के जागा आणि वयात सवलत जाहीर झाली. शारीरिक चाचणीतून सूट आहे, पण या जागा परीक्षेतूनच मिळवायच्या आहेत.

म्हणून मुलाने स्वतःला विचारायचा प्रश्न 'मी लागेन का' एवढाच नाही. बाविसाव्या वर्षी, हातात अकरा-बारा लाख आणि अंगात चार वर्षांची शिस्त घेऊन, मी काय करणार आहे? याचे ढोबळ का होईना पण उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याने जरूर जावे. ज्याच्याकडे नाही, त्याने आधी ते शोधावे. चार वर्षांत शिक्षण सोडायचे नाही, ही पहिली तयारी. दहावीवर गेलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचे प्रमाणपत्र मिळवता येते. इग्नूची खास पदवी आहे, तिच्यात सेवाकाळातल्या प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक मिळतात. बारावी होऊन गेलेल्याने पदवी हातात घेऊनच बाहेर पडायचे, असे पहिल्या दिवशी ठरवले तर ते जमण्यासारखे आहे. दुसरी तयारी सेवा निधीची. ती रक्कम ट्रॅक्टरच्या डाउन पेमेंटला, बहिणीच्या लग्नाला आणि घराच्या स्लॅबला वाटून गेली, तर तेविसाव्या वर्षी मुलगा पुन्हा पहिल्या पायरीवर येईल. घरात आधीच बोलून ठेवलेले बरे.

दुसऱ्या वाटा

सोळाशे पळणाऱ्या मुलापुढे एकच दार नसते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीतही १,६०० मीटर आहे, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. उंची १६५ सेंटिमीटर, शिक्षण बारावी, वय अठरा ते अठ्ठावीस आणि मागासवर्गीयांना तेहेतीस. नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत. पण गर्दी केवढी? २०२४ च्या भरतीत १७,४७१ पदांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांची कॉन्स्टेबल भरती दहावीवर होते. तिथे २४ मिनिटांत पाच किलोमीटर धावावे लागते आणि नोकरी पूर्ण कारकिर्दीची असते. मुंबई हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना प्राण देणारे केडंब्याचे तुकाराम ओंबळे हे आधी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये होते आणि तिथून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत आले. वर्दी एकच असावी लागते असे नाही.

ज्याचे गणित-इंग्रजी बरे आहे, त्याने जवान होण्याआधी अधिकारी होण्याचा विचार केलाच पाहिजे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) महाराष्ट्रातच आहे. तिची परीक्षा लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो आणि प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, तिथे दहावीनंतर निवडलेल्या मुलांना अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्याची, १९६१ सालची. तरीही सैनिकी परंपरेच्या गावांतली बहुसंख्य मुले जवानाच्या रांगेतच उभी राहतात, कारण दहावीच्या वर्गात कोणी त्यांना हा रस्ता दाखवलेला नसतो. गावातल्या हायस्कूलने आठवीपासून एक तास यासाठी ठेवला तर बराच फरक पडेल. मुलींना जवान म्हणून सध्या लष्करी पोलीस दलात घेतात. पायदळ त्यांच्यासाठी अजून खुले नाही.

वयाचे गणितही मांडावे. साडेसतरा ते एकवीस या मर्यादेत एका मुलाला जेमतेम तीन-चार संधी मिळतात. मर्यादा आणि निकष यांत अधूनमधून बदल होतात, म्हणून चालू वर्षाची अधिकृत जाहिरात स्वतः वाचावी, अकॅडमीच्या फलकावर विसंबू नये. पहिल्या प्रयत्नाबरोबरच कॉलेजात नाव असावे. आयटीआय असेल तर उत्तम. फिटर, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड हातात असलेला मुलगा भरतीत पडला तरी रिकामा बसत नाही. सगळ्यात जास्त नुकसान होते ते तीन वर्षे फक्त ग्राउंड मारून, शिक्षण अर्धवट टाकून, एकविसाव्या वर्षी मेडिकलला बाहेर पडणाऱ्याचे. त्याच्या कष्टांत कुठेही कमतरता नसते. कमतरता असते ती वेळेवर मिळालेल्या माहितीची.

२०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. इतके दिवस कागदावर असलेले प्रमाण तेव्हा गावागावांत माणसांच्या रूपाने दिसेल: कोण कायम झाला, कोण सीमा सुरक्षा दलात गेला, कोणी दुकान टाकले, कोण पुन्हा भरतीच्या रांगेत उभा राहिला. ही माहिती सरकारकडे नावनिशीवार असणार. ती जिल्हावार प्रसिद्ध व्हावी, रेजिमेंट आणि पुढची नोकरी यांच्यासह, आणि प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर लागावी. त्या कार्यालयाचे काम आज मुख्यतः माजी सैनिकांसाठी आहे. परतलेल्या अग्निवीरांसाठीही तिथे एक टेबल, नोंदवही आणि नोकरीच्या जागांची माहिती सांगणारा माणूस राज्य सरकारने ठेवावा. पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्या मुलाला आणि त्याच्या अर्जावर सही करणाऱ्या आईला आपल्याच तालुक्यातल्या आदल्या तुकडीचे काय झाले, हे सही करण्यापूर्वी वाचायला मिळाले पाहिजे.